२० जुलै : कार्लोस सान्ताना यांचा जन्म

मेक्सिकोतील हालिस्को प्रांतातल्या आउत्लान गावी १९४७ साली आजच्या दिवशी गिटारवादक कार्लोस सान्ताना यांचा जन्म झाला. वडील मारियाची वादक. त्यांनी मुलाच्या हाती आधी व्हायोलिन दिले. तिहुआनात ब्लूज कानी पडला आणि कार्लोस गिटारकडे वळले.

ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर त्यांच्या बँडने मैफल मारली, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम बाजारातही आला नव्हता. त्या अल्बममध्ये नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजी यांची रचना रॉकच्या बाजात होती. १९७०च्या ‘अब्राक्सस’ अल्बममधील ‘ओये कोमो वा’ हे गाणे मूळचे तितो पुएन्ते यांचे. त्यातली बासरीची जागा सान्तानांनी गिटार आणि ऑर्गनला दिली. खाली कोंगा, टिंबालेस मात्र क्युबन चाचाचाच्या ठेक्यातच राहिले. लांबवलेला, थरथरता एक सूर ऐकताच वादक ओळखू यावा, हे भाग्य फार थोड्यांचे. सान्ताना त्यांतले आहेत.

आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी त्यांना ‘देवदीप’ हे नाव दिले. १९७३मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन या गुरुबंधूसोबत त्यांनी कोल्ट्रेनच्या जॅझला वाहिलेला अल्बम केला. ‘सुपरनॅचरल’ अल्बमने त्यांना २०००मध्ये ८ ग्रॅमी मिळवून दिले.