कच्चा कैदी आणि कोठडीला असलेले पर्याय : लोकांना काय ठाऊक असावे?

खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी कारागृहात ठेवलेल्या आरोपीला कायद्याच्या परिभाषेत न्यायाधीन बंदी म्हणतात. बोलीभाषेत तो ‘कच्चा कैदी’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघांवरचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. गोव्यात असे बंदी मुख्यतः कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात असतात. आग्वादच्या जुन्या तुरुंगातील कैदी २०१५ साली तेथे हलविण्यात आले.

कोठडीवाचून अन्य कोणते मार्ग आहेत, याची समाजाला कितपत जाण आहे, हे पाहणी करून तपासायचे झाल्यास आरंभ शब्दांपासूनच करावा लागेल. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी हे शब्द वर्तमानपत्रांत रोज छापले जातात. पहिली तपासासाठी असते आणि तिची एकूण मर्यादा पंधरा दिवसांची आहे. दुसरी म्हणजे कारागृहातला मुक्काम. दोहोंपैकी एकही शिक्षा नव्हे. तसेच जामीन मिळणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, आणि जामीन नाकारला जाणे म्हणजे दोषी ठरणेही नव्हे. गावात मात्र अटकेच्या दिवशीच निकाल लागलेला असतो.

त्यापुढचा प्रश्न हक्कांचा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन ही न्यायाधीशाची मेहेरबानी नसून आरोपीचा अधिकार आहे. अटकेपासून आठवड्याच्या आत ज्याला हमीदार देता येत नाही, त्याला निर्धन मानून केवळ जातमुचलक्यावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते. अजामीनपात्र गुन्ह्यांतही पोलिसांनी ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामीन मिळू शकतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करण्याआधी आरोपपत्र दाखल झाले की ही संधी गेली. माहिती नसण्याची किंमत येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेले कलम ४७९ तर अनेक कुटुंबांनी ऐकलेलेही नसेल. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर न्यायालयाने त्याला मुचलक्यावर सोडावे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा धरली, तर पहिल्या प्रकारच्या आरोपीसाठी ती मर्यादा एक वर्षाची होते. ही मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांनाही तिचा लाभ नाही. हा शेवटचा अपवाद फार व्यापक आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, तो बहुधा हमीदाराअभावी. १९७८ सालच्या मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गरीब गवंड्याला दहा हजार रुपयांचा हमीदार मागण्यात आला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भौगोलिक भेदभावाचा कठोर समाचार घेतला. बेळगाव, कारवार वा त्याहून दूरच्या मुलखातून गोव्यात पोटासाठी आलेल्या मजुराची अडचण आजही हीच आहे: येथे त्याच्यासाठी हमी देणारे कोण? ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक हमीदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे नमूद करून, अशा प्रकरणांत ती अट न घालण्याचे सुचविले. जामिनानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असेही त्यात म्हटले आहे. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्रीय योजनेतून कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकते. मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याखालील आरोपी त्यातून वगळलेले आहेत, आणि गोव्यापुरते हे वगळणे किरकोळ नाही.

मोफत वकिलाबाबतचा गैरसमजही तपासण्याजोगा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मागता येतो. दाखल्यांसाठी हेलपाटे घालण्याचे कारण नाही. अर्ज कारागृहातूनही करता येतो, किंवा बाहेरच्या नातेवाइकाला १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विचारणा करता येते.