रामाकोना

रामाकोना : मध्य प्रदेश राज्याच्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीचे एक मराठीभाषी गाव. ते नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर व लोहमार्गावर, सौंसरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या खोऱ्यात वसले आहे. 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, तोपर्यंत हे गाव छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा भाग मध्य प्रदेशात राहिला, तरी येथील घरातली भाषा, पोळ्याचा सण आणि संत्र्याचा व्यापार यांचा ओढा नागपूरकडेच राहिला आहे. संत्र्याच्या बागा, त्यांमधून डोंगराकडे चढत जाणाऱ्या कच्च्या वाटा आणि मागे उभी सातपुड्याची रांग या तिहींमुळे रामाकोना व त्याचा परिसर डोंगरी सायकलस्वारीच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे घाटावरचा ‘बालाघाट’ आणि घाटाखालचा ‘झेरघाट’ असे दोन भाग मानले जात, आणि सौंसर हे झेरघाटाचे मुख्य ठिकाण होते. रामाकोना या दोन भागांच्या सांध्याजवळ आहे. दक्षिणेकडे नागपूरच्या मैदानाला जाऊन मिळणारी काळी जमीन पसरली आहे, तर उत्तरेकडे जाणारा रस्ता सिल्लेवानी घाटाने छिंदवाड्याच्या पठारावर चढतो. सातपुड्यात उगम पावणारी कन्हान येथून पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते, वाटेत तिला जाम व पेंच या नद्या मिळतात आणि शेवटी ती वैनगंगेत विलीन होते. नदीची पातळी व प्रवाह मोजण्यासाठी केंद्रीय जल आयोगाने रामाकोना येथे जलमापन केंद्र ठेवले आहे. पावसाळ्यात ही नदी पात्र भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्यात खडक व वाळूच अधिक दिसते.

भूशास्त्राच्या अभ्यासकांना सौंसरचे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. सौंसर, नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्हा या पट्ट्यात संगमरवर, अभ्रकयुक्त शिस्ट व क्वार्ट्‌झाइट यांचे जे अतिप्राचीन रूपांतरित थर आढळतात, त्यांना ‘सौंसर समूह’ अशी संज्ञा असून देशातील मँगनीजच्या प्रमुख खाणी याच थरांत आहेत. या धातुकांवरील भूवैज्ञानिक एल. एल. फर्मोर यांचा प्रबंध 1909 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्‌झ यांच्या खडकाला त्यांनी या डोंगरांत राहणाऱ्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. या जुन्या खडकांवर अनेक ठिकाणी दख्खनच्या बेसाल्टचे थर पसरलेले आहेत, आणि म्हणून थोड्या अंतरात जमिनीचा पोत अनेकदा पालटतो : कोठे पाय रुतावा अशी काळी माती, कोठे मुरमाड बरड, तर कोठे चाकाखाली खळखळणारी गारगोटी लागते. सायकलस्वाराच्या दृष्टीने या परिसराचे खरे वैशिष्ट्य हेच मानावे लागेल.

संत्रा हे येथील मुख्य फळपीक. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून कलम तयार करतात, आणि झाडाला काही आठवडे पाणी तोडून, म्हणजे ‘ताण’ देऊन, बहर धरतात. जानेवारी–फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहर आणि पावसाच्या आरंभी फुलणारा तो मृग बहर. आंबियाची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, तर मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तोडणीला येतात. या झाडाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, कारण मुळाशी पाणी साचले की डिंक्या हा बुरशीजन्य रोग बुंध्याला धरतो, आणि म्हणूनच नदीकाठच्या भारी काळ्या मातीपेक्षा उताराची मध्यम जमीन बागेला अधिक मानवते. याचा परिणाम असा, की ज्या चढ-उतारांवर बागा आहेत तेथेच त्यांच्याकडे जाणाऱ्या गाडवाटाही आहेत. शेताच्या बांधाला या भागात धुरा म्हणतात. दोन धुऱ्यांच्या मधून बंडी, म्हणजे बैलगाडी, जाईल एवढी जी सामाईक वाट सोडलेली असते ती पांदण. पांदणीने गावातून निघावे, बागा ओलांडाव्यात, बरडावर चढावे आणि सागाच्या जंगलाच्या कडेला पोचावे, असा प्रवास येथे डांबराला फारसा स्पर्श न करता घडू शकतो.

डोंगरी सायकलस्वारी म्हणजे पक्का रस्ता सोडून दगड, माती व उतार यांवरून, त्यासाठी खास बांधलेल्या सायकलीने केलेला प्रवास. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात 1970 नंतरच्या दशकात या प्रकाराने आकार घेतला आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. या सायकलीचे टायर रुंद व खोल नक्षीचे असतात, पुढच्या चिमट्याला धक्के शोषणारी यंत्रणा असते, आणि उभ्या चढासाठी हलके गिअर व उतारासाठी डिस्क ब्रेक असतात. रामाकोन्याच्या परिसरात यांखेरीज बाभूळ व बोर यांच्या काट्यांचा विचार करावा लागतो. ट्यूब नसलेल्या टायरात छिद्र आपोआप बुजवणारा द्रव भरणे हा त्यावरचा सर्वांत उपयोगी उपाय होय. पावसाळ्यात काळी माती चाकाला थरावर थर चिकटून ते अडवते, आणि एप्रिल–मेमध्ये ऊन असह्य होते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ ठरतो आणि याच दिवसांत आंबियाची तोड व नव्या बहराची फुले ही दोन्ही पाहावयास मिळतात. नागपूरने अलीकडे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत नाव मिळवले आहे, तेथील डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. तथापि ही सारी कीर्ती डांबरी रस्त्यावरची असून, त्याच शहराच्या उत्तरेच्या डोंगरवाटांकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अशा वाटांचे मोल कसे ओळखले जाते, याचे उत्तम उदाहरण इटलीत आहे. तस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स व सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्यांना कियांती म्हणतात, आणि तेथील वाइनच्या प्रदेशाची सीमा तिसरा कोझिमो या ग्रँड ड्यूकने 1716 मध्येच जाहीरनाम्याने आखून दिली होती. सांजोवेझे हे तेथील मुख्य द्राक्ष असून ‘कियांती क्लासिको’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये त्याचे प्रमाण निदान 80 टक्के असावे लागते. गालेस्त्रो नावाच्या पत्रीसारख्या सुटणाऱ्या खडकाची, निचऱ्याची उतारी जमीन त्याला मानवते. तेथेही द्राक्षमळ्यांमधून खडी-मातीच्या वाटा जातात आणि चुनखडीच्या फिक्या रंगामुळे त्यांना ‘पांढरे रस्ते’ म्हणतात. या रस्त्यांवर डांबर पडू लागले, तेव्हा ते वाचवावेत या हेतूने 1997 मध्ये गायोले या गावातून ‘लेरोइका’ ही सायकलयात्रा सुरू झाली, जिच्यात 1987 पूर्वीच्या बनावटीच्या रस्त्यावरच्या सायकली चालवाव्या लागतात. पुढे 2007 पासून त्याच भागात व्यावसायिक स्पर्धाही भरू लागली, आणि जी वाट गैरसोयीची म्हणून पुसली जाणार होती तीच त्या प्रदेशाची ओळख बनली. मराठी वाचकाला हा भाग सर्वस्वी परका नाही. 1944 च्या उन्हाळ्यात भारतीय सैन्याची आठवी डिव्हिजन याच टेकड्यांतून फ्लॉरेन्सकडे सरकली, आणि मोंतेगुफोनी येथील वाड्यात युद्धकाळात हलवून ठेवलेल्या बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’सह अनेक अमोल चित्रांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायांनी पहारा दिला. त्याच वर्षी जुलैत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कियांतीला जे साधले त्याची बरीच सामग्री रामाकोन्यापाशी आहे : दळणवळणाचे मोठे शहर दक्षिणेला, फळबागांचे उतार भोवती आणि वर जंगल. लोहमार्ग तर शतकभर जुना आहे. सातपुड्यातील 762 मिलिमीटर रुंदीच्या अरुंदमापी जाळ्याचा तो एक भाग होता, 2015 च्या अखेरीस तो बंद करून रुंदमापी करण्यात आला, आणि त्याच मार्गाच्या घाटभागात कुकडीखापा येथे धबधबा आहे. पाहण्याजोग्या जवळच्या स्थळांत जामसावळी येथील निजलेल्या मारुतीचे देवस्थान भाविकांना सर्वाधिक ठाऊक आहे. घाटावर देवगड हा गोंड राजांचा किल्ला असून त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, आणि हे नाते लक्षात घेता नागपूरहून निघून झेरघाटातून देवगडपर्यंत चढणारी सायकलवाट इतिहासाच्या अंगानेही अर्थपूर्ण ठरेल. मात्र वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून शिरू नये, आणि बागेत फवारणी चालू असताना किंवा तोडीचा माल वाटेवर असताना सायकल उतरून न्यावी, हे येथे आलेल्या प्रत्येकाने पाळावयास हवे, कारण या वाटा प्रथम शेतकऱ्याच्या आहेत.

पांदणींना सर्वांत मोठा धोका डांबरापेक्षा अतिक्रमणाचा आहे. दोन्ही बाजूंचे धुरे आत सरकत गेले की बंडीची वाट पाऊलवाट होते आणि पाऊलवाट नांगराखाली जाते. यावर उपाय कायद्यातच आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 131 खाली रूढ वहिवाटीच्या वाटेबद्दलचा वाद तहसीलदारापुढे नेता येतो, आणि कलम 242 नुसार प्रत्येक गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावाच्या रूढींबरोबर वाटेचे हक्कही नोंदवले जातात. रामाकोना व शेजारच्या गावांनी आपापल्या पांदणी या दस्तऐवजाशी ताडून पाहाव्यात, सुटलेल्या वाटांची नोंद करून घ्यावी आणि नागपूरच्या सायकलस्वारांनी त्या कामी नकाशे काढून देऊन गावकऱ्यांना साहाय्य करावे.