खिशांतील छापखाना

सन १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस परभणीपासून निराळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचे नवे शिक्के आणि नवे फलक यांची धांदल अजून पुरती ओसरली नव्हती, तोंच त्या वर्षींच्या दिवाळींत आमच्या घरीं एक छापखाना येऊन दाखल झाला. छापखाना हा शब्द आम्ही विनोदानें योजीत नाहीं. आमचा अकरा वर्षांचा भाचा आईबापांसह अमेरिकेंतून आजोळीं आला होता, व त्याच्या पाठीवरील पिशवींत हा छापखाना होता. तळहाताहून थोडा मोठा, करड्या रंगाचा, सहा सेलांवर चालणारा. त्यांत शाई नव्हती, खिळे नव्हते, आणि खिळ्यांची छाप उमटविणारा दाबही नव्हता. त्याच्या तोंडांतून दीड इंच रुंदीची कागदाची पट्टी तेवढी बाहेर येई. त्याचें नांव गेम बॉय प्रिंटर. निन्तेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉय नांवाच्या हातांतल्या खेळयंत्रास तो एका वायरीनें जोडीत असत.

आमच्या गांवांत त्या काळीं मुलांचे हातीं विटांचा खेळ असलेलीं स्वस्त यंत्रें जत्रेंतून येत. त्यामुळें खेळयंत्र हा प्रकार अगदींच अपरिचित नव्हता. पण खेळयंत्रानें छापावें, ही गोष्ट शेजाऱ्यांस चमत्कारिक वाटली. यंत्राच्या माथ्यावर भाच्यानें डोळ्यासारखी फिरणारी एक कॅमेऱ्याची पेटी बसविली, ओट्यावर वाती वळीत बसलेल्या आमच्या मातोश्रींकडे रोखली, "आजी, हलूं नकोस" म्हणून बजावलें, आणि थोड्याच वेळांत पट्टी घरघरत बाहेर आली. मातोश्रींनीं ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, व म्हणाल्या, "ही मीच का रे?" त्या चित्रांत त्यांचें कुंकू व चष्मा एवढेंच स्पष्ट होतें; बाकीचा चेहरा ठिपक्यांच्या रांगोळीसारखा होता, जवळून नुसते ठिपके आणि दुरून माणूस. तरी त्यांना तें आवडलें. कागदाच्या पाठीस डिंक होता. तो ओला करावयाचें कारण नव्हतें. वरचें आवरण सोलून त्यांनीं स्वतःच्या हातानें तें चित्र नामदेवांच्या गाथेच्या पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस चिकटविलें. नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें गांव आमच्याच तालुक्यांत, तेव्हां घरांत गाथा असणें ओघानेंच आलें.

ज्या कंपनीनें हें यंत्र काढलें तिचा आरंभच मुळीं छापील कागदांत झालेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सन १८८९ मध्यें क्योतो शहरीं फुसाजिरो यामाउची नांवाच्या गृहस्थानें हानाफुदा नांवाचे पत्ते तयार करण्याचा धंदा घातला. बारा महिन्यांचीं बारा फुलें-झाडें, प्रत्येकाचे चार, असे हे अठ्ठेचाळीस पत्ते तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या जाड कागदावर बनत. जपानी भाषेंत पत्त्यांस करुता म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून तेथें गेलेला आहे. पोर्तुगीज लोक जपानांत पोंचले ते १५४३ च्या सुमारास. त्याच लोकांनीं १५५६ मध्यें गोव्यास हिंदुस्थानांतील पहिला छापखाना आणला; अॅबिसीनियास जावयाचें तें यंत्र गोव्यांतच अडकून राहिलें, आणि आपल्या देशांत मुद्रणाचा श्रीगणेशा झाला. पुढें १५९० सालीं जेसुइट पाद्र्यांनीं जपानांत जो छापखाना नेला तोही गोव्यावरूनच. पत्ते व मुद्रण यांचें गलबत असें एकाच वाटेनें गेलेलें दिसतें. आमच्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा आहेत, दशावतारी डावाच्या एकशेंवीस. पण त्या हातानें रंगविल्या जातात, आणि त्या कलेनें छापखान्याशीं स्पर्धा केली नाहीं म्हणूनच ती मागें पडली, पुढें विसाव्या शतकांत सावंतवाडीच्या राजघराण्यानें ती पुन्हां उचलून धरली. क्योतोच्या पत्तेवाल्यानें मात्र यंत्राची कास धरली, आणि शंभर वर्षांनीं, १९८९ च्या एप्रिलांत, त्याच्या कंपनीनें गेम बॉय बाजारांत आणला. त्याचे कल्पक गुंपेई योकोई हे १९९७ च्या ऑक्टोबरांत मोटारीच्या अपघातांत वारले. कॅमेरा व प्रिंटर हीं दोन्हीं उपकरणें जपानांत २१ फेब्रुवारी १९९८ रोजीं विक्रीस आलीं, म्हणजे योकोईंनीं तीं लोकांच्या हातीं गेलेलीं पाहिलीं नाहींत.

आतां त्या यंत्राच्या कामाकडे वळूं, कारण खरा रस तेथेंच आहे. गेम बॉयचा पडदा रुंदीस १६० व उंचीस १४४ ठिपक्यांचा. प्रिंटरही एका ओळींत १६० च ठिपके उमटवितो. पडद्यावर जें दिसेल तेंच कागदावर, ना कमी ना अधिक. कॅमेऱ्याचें चित्र १२८ गुणिले ११२ ठिपक्यांचें, त्याभोंवतीं नक्षीची चौकट घालून तें पडद्याइतकें केलेलें. छटा फक्त चार, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. चित्र एकदम न जातां सोळा-सोळा ओळींच्या थप्प्यांनीं वायरींतून जाई. अशा नऊ थप्प्या झाल्या कीं पडदा पुरा झाला. प्रत्येक थप्पीबरोबर तिच्यांतील आंकड्यांची बेरीज पाठविलेली असे. प्रिंटर आपल्या बाजूनें बेरीज करून पाही, जुळली तर पोच देई, न जुळली तर चूक झाल्याचें कळवी. एका खेळण्यांत हिशेबाची एवढी शिस्त पाहून आम्हांस जुन्या पेढीवरील मुनीमजींची आठवण झाली. पोकेमॉन नांवाच्या खेळांतील प्राण्यांचीं चित्रेंही या प्रिंटरवर निघत, आणि मुलांना खरा लोभ त्यांचाच. आमच्या भाच्याच्या दप्तरावर आजीचें चित्र नव्हतें, पिवळ्या रंगाच्या एका उंदरासारख्या प्राण्याचें होतें, तेंही अर्थातच करड्या ठिपक्यांत.

शाईवांचून छापण्याची युक्ति निन्तेंडोची नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनींत जॅक किल्बी या विद्युत्‌शास्त्रज्ञानें, ज्यास एकीकृत मंडलाबद्दल सन २००० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, १९६५ च्या सुमारास उष्णतेनें छापणारें टोक तयार केलें. त्याच कंपनीच्या कामावरून जपानच्या कॅनननें १९७० मध्यें पॉकेट्रॉनिक नांवाचें हातांतलें गणकयंत्र काढलें. त्याला पडदाच नव्हता. बेरजेचें उत्तर पाहावयाचें तें बाजूनें निघणाऱ्या कागदी फितीवर. म्हणजे हातांत मावणारें गणकयंत्र जन्मास येतांनाच छापखाना बरोबर घेऊन आलें होतें, आणि पडदा मागाहून आला.

युक्ति अशी. कागदावर एक पातळ लेप असतो. त्यांत एक रंगद्रव्य असतें, पण तें मूळ स्थितींत बिनरंगी असतें. दुसरें एक आम्लधर्मी द्रव्य असतें. थंड असतां दोघें शेजारीं शेजारीं असूनही अबोला धरून राहतात. टोकांतील बारीक तार क्षणभर तापली कीं लेप वितळतो, दोघांची गांठ पडते, आणि त्या जागीं काळा ठिपका दिसूं लागतो. टोकाखालून कागद सरकत जातो, ठिपक्यांच्या ओळी होतात, ओळींचें चित्र होतें. पण हें लग्न कच्चें असतें. उन्हानें, उष्म्यानें, तेलकट बोटांनीं, स्पिरिटानें दोघें पुन्हां विभक्त होतात व रंग जातो. त्या आम्लधर्मी द्रव्यांपैकीं बिस्फेनॉल-ए हें प्रकृतीस अपायकारक ठरल्यामुळें युरोपीय संघानें २०२० च्या जानेवारीपासून अशा कागदांत त्याच्या वापरावर कडक बंधन घातलें आहे. पण ती गोष्ट निराळी.

मुद्रण म्हणजे टिकाऊपणा, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. हस्तलिखित जाळलें तर गेलें, छापलेलें पुस्तक चार ठिकाणीं तरी राहतें, म्हणून तर आपण मुद्रणकलेस मान दिला. त्या आधींचीं बाडें घ्या. काजळाची शाई, बोरूची लेखणी. कागदास कसर लागते, कडा झडतात, परंतु अक्षर काळेंच्या काळें राहतें, कारण काजळ म्हणजे शुद्ध कोळसा, आणि कोळशास ऊन काय करणार? नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहेबांत आहेत. नर्सीहून पंजाबाकडे तीं गेलीं तेव्हां छापखाना नव्हता. मुखानें गेलीं, मग लेखणीनें टिकलीं. गेम बॉयच्या प्रिंटरनें या सर्व समजुतीवर पाणी सोडलें. येथें छापणें म्हणजे जपणें नव्हे, दाखविणें. मुलानें मित्रास दाखवावें, दप्तरावर चिकटवावें, आणि उद्यां दुसरें काढावें. कॅमेऱ्याच्या पेटींत तीस चित्रें राहत, तींही एका बटणाएवढ्या सेलाच्या आधारानें. सेल संपला कीं पेटी कोरी. कागद विरे, पेटीही विसरे. खेळण्यापुरतें पाहतां यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. खेळण्यानें चिरंजीव होण्याचें वचन कधीं दिलें नव्हतें. नव्या शतकाच्या पहिल्या कांहीं वर्षांतच त्याची विक्री थांबली, व आतां हौशी लोक वायरीच्या दुसऱ्या टोकाला छोटासा संगणक लावून, आपण प्रिंटरच आहोंत असें खेळयंत्रास भासवून, तीं जुनीं चित्रें कागदाऐवजीं संगणकांत उतरवून घेतात. पोच मात्र तीच द्यावी लागते.

दोष दिसतो तो दुसरीकडे. खेळणें गेलें, पण त्याचा कागद आमच्या जिल्ह्यांत राहावयास आला. एस.टी.चा कंडक्टर पूर्वीं रंगीबेरंगी तिकिटांची पेटी व हातांत पंच घेऊन किटकिट करीत येई. हिंगोलीहून कळमनुरीस निघालेल्या गाडींत दाटीवाटींतून त्याची ती किटकिट आधीं ऐकूं येई आणि मग तो दिसे. तें तिकीट खऱ्या शाईनें छापलेलें असे. आमच्या एका जुन्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवलेलें एक तिकीट आजही पाठीवरील छिद्रांसह वाचतां येतें. पुढें त्याच्या हातीं यंत्र आलें, आणि त्याच्या तोंडांतून निघूं लागली ती तशीच पट्टी. बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राची चिठ्ठी तशीच, पेट्रोल पंपाची तशीच. सन २०१७-१८ च्या सुमारास रास्त भाव दुकानांतून अंगठा घेणारें यंत्र आलें, व किती गहूं, किती तांदूळ दिला याची पावती त्याच कागदावर निघूं लागली. वसमत-हिंगोलीच्या हळदीच्या बाजारांत कार्बन घालून लिहिलेली हिशेबपट्टी शेतकरी पत्र्याच्या पेटींत वर्षानुवर्षें ठेवतो, तशीच ही पावतीही तो भाबडेपणानें ठेवतो. वैशाखांत पत्र्याच्या पेटींत काय उष्मा होत असेल याची कल्पना मराठवाड्याबाहेरील वाचकांस येणार नाहीं. तक्रार करावयाची वेळ येते तेव्हां पेटींतून निघतो एक गुळगुळीत पांढरा कागद. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईनें असा कागद आमच्यापुढें धरून "हें वाचून दाखवा" म्हणून सांगितलें. तिला वाटत होतें कीं अक्षर आहे, आपल्यालाच दिसत नाहीं. आम्हीं काय वाचावें? ज्याच्या हातीं कागदाखेरीज दुसरा पुरावा नाहीं त्यालाच विरणारा कागद द्यावा, आणि पक्की नोंद मात्र देणाऱ्याच्या संगणकांत राहावी, ही व्यवस्था सोयीची असेल, न्यायाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

मातोश्रींस जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्यांच्या मागें घरांत त्यांचीं छायाचित्रें आहेत, परंतु वाती वळतांनाचें तें एकच. तें जपावें म्हणून गाथेच्या पुठ्ठ्यावर आम्हींच स्वच्छ प्लास्टिकचा कागद घट्ट लावून घेतला होता. पुढें आम्हांस कळलें कीं, प्लास्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जीं द्रव्यें मिसळतात तीं अशा कागदांत झिरपतात व रंगद्रव्याची गांठ सोडवितात.  गेल्या श्रावणांत पुठ्ठा उघडला तेव्हां चष्म्याची एक कडा तेवढी दिसली. भाच्यास कळविलें, त्याच्या पेटींतील सेल केव्हांच संपला होता.

अशा विरलेल्या कागदास सौम्य ऊब दिली तर कोरा भाग काळवंडतो, व जेथें पूर्वीं ठिपके होते ती जागा फिकी राहून चित्र उलट्या छटेंत दिसूं लागतें, असा कित्येकांचा अनुभव आहे. मात्र ऊब जरा अधिक झाली कीं सगळाच चौकोन काळा. गाथेचा पुठ्ठा दोनदां आम्हीं दिव्याजवळ नेला, आणि दोन्ही वेळां परत आणला. भाचा येत्या दिवाळींत येतो म्हणून लिहितो. तोंपर्यंत प्लास्टिक काढून पुस्तक फडताळांत ठेवलें आहे.