मार्गदर्शकाचा मतभेद

डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो, आणि त्यासाठी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. वाणिज्य शाखाही याला अपवाद नाही. तेव्हापासून वाणिज्याचे सहकारी आमच्याकडे प्रबंधाच्या भाषेविषयी विचारणा करू लागले. आम्हांला मात्र भाषेपेक्षा दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला कितपत घडवावे आणि कुठे थांबावे?

या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधात सापडते. तो पदवीचा नव्हे, डी.एस्सी.चा होता, पण गुरुशिष्यांमधला पेच तोच.

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली वाणिज्य शिक्षणासाठी सुरू झाले. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्र शिकवत होते. १९२० मध्ये हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी होऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाला. विषय रुपयाचा, मार्गदर्शक एडविन कॅनन.

१८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्या आणि पुढे रुपयाचे मूल्य सोन्याशी कृत्रिमपणे बांधले गेले. या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्सने १९१३ च्या ग्रंथात पाठराखण केली होती. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की या व्यवस्थेत सरकारला मनाला येईल तितके रुपये काढता येतात आणि त्याची किंमत महागाईच्या रूपाने सामान्य माणूस मोजतो. गंमत अशी, की ही पद्धत टिकेल असे १८९३ पासून मानणाऱ्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांत खुद्द कॅननच होते!

प्रबंध सहजी स्वीकारला गेला नाही. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. निष्कर्ष न बदलता मांडणी सुधारून बाबासाहेबांनी तो १९२३ मध्ये परत सादर केला. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना कॅनन यांची. तीत त्यांनी बरेच मतभेद उघड नोंदवले, विचारांतील ताजेपणाला दाद दिली आणि व्यवहारातील निष्कर्ष बहुधा बरोबर असल्याचे मान्य केले. बाबासाहेबांनीही आपल्या निवेदनात गुरूंच्या कठोर तपासणीचे ऋण मानले. मतांची जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवली.

कठोरपणा युक्तिवादाच्या बाबतीत आणि मोकळीक निष्कर्षाच्या बाबतीत, असा हा धडा आहे. आम्ही बहुधा याच्या उलट वागतो. संदर्भ न तपासताच सही करतो आणि निष्कर्ष आपल्या मताविरुद्ध गेला की प्रकरण परत पाठवतो. विशीतल्या विद्यार्थ्याला त्यातून एवढेच कळते, की संशोधन म्हणजे सरांच्या मनातले ओळखणे.

आपल्याला न पटलेल्या प्रबंधाला प्रस्तावना लिहिण्याचे धैर्य आमच्यापैकी किती जणांत आहे?