भीमाशंकरची घंटा आणि सात गायकवृंदांचा गोवा

कर्जत-खालापूरवाल्यांनो, खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने तुम्ही भीमाशंकर चढलाच असाल. वर देवळाजवळ एक मोठी घंटा आहे. पुढच्या वेळी नुसती सेल्फी काढू नका, तिच्यावर काय कोरलंय ते बघा. बाळ येशूला घेतलेली मेरी!

शंकराच्या दारात मेरी कशी आली? मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या गेल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला.

घंटा तर आली. पण घंटा वाजल्यावर चर्चमध्ये जे गायलं जायचं, त्याचं काय झालं?

बायबलमध्ये 'स्तोत्रसंहिता' आहे, 150 स्तोत्रांची. त्यात स्तुती आहे, गाऱ्हाणी आहेत, देवाशी भांडणही आहे. आपल्या अभंगांसारखंच म्हणा ना. व्हेस्पर्स, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेत, त्यातली पाच गायची. व्हेनिसच्या संगीतकारांनी यात एक भारी गोष्ट केली. गायकांचे गट वेगवेगळ्या ठिकाणी उभे केले. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. 1610 मध्ये मोंतेवेर्दीने छापलेल्या व्हेस्पर्समध्ये 127 व्या स्तोत्राला 10 आवाज आहेत, पाच-पाचचे दोन गट. इअरफोनच्या आधीचा स्टिरिओ! दिंडीत समोरासमोरच्या दोन रांगा आलटून पालटून अभंग म्हणतात ना, डोळ्यांसमोर तेच आणा.

आता गोव्यात या. 1663 मध्ये सेबास्तियानी नावाचा इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू तिथे होता. जेझुइटांच्या उत्सवात त्याने चक्क सात गायकवृंद ऐकले. संगीत रोमच्या कारिसिमीचं आहे, असं त्याला सांगण्यात आलं. पण तो थक्क झाला गाणाऱ्यांमुळे. ती इथलीच माणसं होती आणि अगदी सहज गात होती.

कुठे शिकली? चर्चला जोडलेल्या शाळांत. तिथे मुलं प्रार्थनेबरोबर सूर वाचायला शिकायची. शिकवणारा तो 'मेस्त्री'.

पण गोष्ट इतकी गोड नाही. त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होतं. ज्या सत्तेने लॅटिन स्तोत्रं शिकवली, तिनेच 1736 च्या हुकुमाने लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. गंमत बघा, त्याच ओवीच्या छंदात फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं होतं. म्हणजे ओवी देवळाची की चर्चची, हा वाद ओवीचा नव्हताच. कोणी काय गायचं हे कोण ठरवणार, याचा होता.

तरी सूर टिकले. मेस्त्रींची परंपरा पुढे मुंबईच्या सिनेमात पोहोचली. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस सिनेमाचा अरेंजर झाला, त्याने प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते गाणं आठवलं? ते नाव गुरूचं आहे.

म्हणून सांगतो, भीमाशंकरची घंटा म्हणजे फक्त जिंकलेली वस्तू नाही. ती ज्यांना प्रार्थनेला बोलवायची, तीही याच कोकणातली माणसं होती. पुढच्या ट्रेकला ती वाजवा आणि नाद विरेपर्यंत थांबा. आणि उतरताना मोंतेवेर्दीचे व्हेस्पर्स लावा. दोन्ही इअरफोन घालून, हं!