शाईची शिक्षा
१८४४ च्या नाताळात फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन ३ वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक शोधत होते. मनासारखं मिळेना, म्हणून कोरी वही आणून त्यांनी स्वतःच गमतीदार चित्रं काढली, गोष्टी रचल्या. १८४५ मध्ये ती वही छापली गेली. पुढे ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने जगभर गाजली.

त्यातली एक गोष्ट मला आजही सलते. तीन पोरं काळ्या मुलाला चिडवतात. निकोलस त्यांना दौतीत बुचकळतो. ती त्याच्याहून काळी होतात. चिडवणं वाईट, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. पण शिक्षा कोणती? काळं होण्याची!

शाळेत माझ्या नावावर हशा पिकायचा. बाई हसणाऱ्यांना दटावायच्या, ‘गप्प बसा, नाहीतर मोहल्ल्यात नेऊन सोडीन!’

बाई माझ्याच बाजूने बोलत होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.