२९ एप्रिल : यंत्रवेड्या भिसेंचा जन्मदिन

‘भारताचे एडिसन’ शंकर आबाजी भिसे १८६७ साली आजच्या दिवशी मुंबईत जन्मले. शाळा मात्र जळगाव, धुळे अशी खानदेशात फिरत झाली. चौदाव्या वर्षी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढणारा हा मुलगा पुढे मुंबईत सरकारी कारकून झाला. डोके मात्र यंत्रांतच! आपोआप वजन करणाऱ्या यंत्राने लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळवले, दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले. मग मिनिटाला सुमारे १२०० छपाईचे खिळे ओतणारे यंत्र आले. जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांनी त्यात पैसा घातला, पण धंदा काही बसला नाही. पुढे अमेरिकेत नाव झाले ते आयोडिनच्या ‘अ‍ॅटोमिडीन’ औषधाने. न्यूयॉर्कमध्येच ७ एप्रिल १९३५ रोजी ते निवर्तले.